दोन्ही बाह्या डाव्या निघतात तेव्हा

पत्राचा सारांश: नाशिकच्या इंदिरानगर भागात १६ वर्षांपासून ब्लाउज शिवण्याचे दुकान चालवणाऱ्या, ४३ वर्षांच्या एका भगिनीचे हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. दुकानात मशीनवर बसणारी एक कारागीर आणि हूक, काज, फॉल-बिडिंग करणारी एक तरुण मदतनीस आहे. मापे, कटिंग, गिऱ्हाइकांशी बोलणे, फोन आणि हिशेब या भगिनी स्वतः पाहतात. गेल्या वर्षभरात त्यांच्या हातून कटिंगमध्ये तीन मोठ्या चुका झाल्या. एकदा सेमी-पैठणीच्या ब्लाउज पीसमधून दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच कापल्या गेल्या आणि पदरचे पैसे घालून भरपाई करावी लागली. एकदा पाठीचा खोल गळा पुढच्या भागावर उतरला, तर एकदा ३४ ऐवजी ३६ चे माप धरले गेले. "तुझे लक्षच नसते," असे पती म्हणतात. त्यांनी एकाग्रतेचे व्हिडिओ पाहिले, २५ मिनिटांचा टायमर लावला, पहाटे साडेचारला उठून ध्यान सुरू केले, मोबाईलवर स्मरणशक्तीचे खेळ खेळून पाहिले. फरक पडला नाही. एकाग्रता वाढवणारा खात्रीचा व्यायाम सापडला तर ठीक, नाहीतर दुकान बंद करून शिवणक्लासमध्ये नोकरी धरावी, असे त्यांच्या मनात आहे. कटिंगसाठी मास्तर ठेवण्याचा विचारही करून झाला आहे. "माझा मेंदू आताच म्हातारा झाला का?" असे त्या विचारतात. जाता जाता त्यांनी एक वाक्य लिहिले आहे: "सुट्टीच्या दिवशी शटर अर्धे ओढून कटिंग करते, तेव्हा मात्र काही बिघडत नाही."

ताई, नमस्कार.

सुट्टीच्या दिवसाबद्दलचे ते वाक्य तुम्ही सहज लिहून गेला असाल, परंतु तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला त्यातच दिसते. एकाग्रता ही तुमच्यातून हळूहळू आटत चाललेली शक्ती असती, तर ती सुट्टीच्या दिवशीही आटलेलीच राहिली असती. डोळे तेच, हात तेच, कात्री तीच आणि टेबलही तेच. बदलते ते फक्त शटर. म्हणून "माझे लक्ष कसे वाढवू?" हा तुमचा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवते आणि त्याऐवजी असे विचारते, की शटर उघडे असताना तुमचे लक्ष कोणकोण मागत असते, आणि त्यातल्या किती जणांना ते त्याच क्षणी मिळण्याची खरोखर गरज असते?

तुम्ही तिन्ही चुकांचे प्रसंग लिहिले आहेत, ते शेजारी-शेजारी ठेवून पाहा. पैठणी टेबलावर होती तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि ऑफिसातून परतणाऱ्या बायका दुकानात येत होत्या. गळ्याची चूक झाली तेव्हा एका गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर डिझाइनचे फोटो पाठवले होते आणि "पाहिलेत का?" म्हणून तिचा फोन येत होता. मापाची गफलत झाली तेव्हा ट्रायलसाठी कोणीतरी उभे होते. तिन्ही वेळा तुम्ही कटिंग मध्येच सोडून दुसरीकडे वळलात, ते काम नीट केलेत आणि मग टेबलाकडे परत आलात. बिघाड या परत येण्यात आहे, असे माझे मत आहे.

लक्ष म्हणजे नेमके काय, याविषयी आपल्या मनात एक ठाम समजूत असते, की ते कमी-जास्त भरलेल्या भांड्यासारखे असते. हुशार माणसाकडे ते भरपूर असते आणि धांदरटाकडे कमी. प्रयोगांतून दिसते ते याहून निराळे आहे. १९५३ मध्ये कॉलिन चेरी या संशोधकाने लोकांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन वेगवेगळी भाषणे ऐकवली आणि एका कानातले भाषण तोंडाने पुन्हा म्हणत राहायला सांगितले. दुसऱ्या कानात आवाज होता, तो माणसाचा होता, पुरुषाचा की स्त्रीचा होता, एवढे लोकांना सांगता आले. त्या भाषणात काय होते हे जवळजवळ कोणालाच सांगता आले नाही आणि मध्येच भाषा बदलली तरी ती बहुतेकांच्या ध्यानात आली नाही. पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांना असे आढळले, की दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव आले तर सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू येते. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस यांनी लोकांना एका चित्रफितीत चेंडूचे पास मोजायला सांगितले, तेव्हा गोरिलाच्या वेशातली व्यक्ती खेळाडूंच्या मधून चालत गेली, तरी सुमारे निम्म्या लोकांना ती दिसली नाही. हे लोक धांदरट नव्हते. ते सांगितलेले काम मन लावून करत होते, म्हणूनच त्यांना बाकीचे दिसले नाही.

यावरून दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत. पहिली ही, की लक्षाची वाट सर्वांचीच अरुंद असते, आणि ती अरुंद असते म्हणूनच मुंढ्याचा, म्हणजे खांद्यापाशी बाही जोडतात त्या भागाचा, गोल आकार तुम्हाला एका झपाट्यात कापता येतो. दुसरी ही, की स्वतःला मारलेली हाक या वाटेतून बाकी आवाजांपेक्षा सहज आत शिरते, आणि तुमच्या दुकानात दर काही मिनिटांनी कोणीतरी "ताई" म्हणते. तुमचे लक्ष नसते असे तुमचे पती म्हणतात, त्यांना एखाद्या संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत काउंटरवर बसवून पाहा. भांडणापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे.

आता परत येण्याकडे वळू. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये असे दाखवले, की एक काम अर्धवट सोडून आपण दुसरे हाती घेतले, तर मनाचा काही भाग पहिल्या कामातच रेंगाळत राहतो आणि दुसऱ्या कामाची प्रत घसरते. गिऱ्हाइकाला मागच्या महिन्याचा ब्लाउज का सैल झाला हे समजावून तुम्ही टेबलाशी येता, तेव्हा हातात पैठणी असते आणि डोक्यात तो सैल ब्लाउज असतो. एरवी यातून काही बिघडले नसते. कापड दुहेरी घालून बाह्या कापल्या, तर एका कापणीत डावी आणि उजवी अशी जोडी आपोआप निघते. तिथे चुकायला जागाच नाही. परंतु काठाचा पीस असला, की काठ बाहीच्या कडेला नेमका आणण्यासाठी तुम्हाला प्रत्येक बाही एकेरी कापडावर वेगळी मांडावी लागते, आणि दुसऱ्या बाहीच्या वेळी कागदी खाका उलटा करून ठेवावा लागतो, कारण पुढच्या बाजूचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा अधिक खोल असतो. खाका उलटवण्याच्या त्या एका क्षणी कोणीतरी हाक मारली. परत आल्यावर हाताला वाटले की ते झालेले आहे. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे तिथे एखादे वेळी एक बाही उलटवून निभावले असते. सेमी-पैठणीच्या मागच्या बाजूला सुटे धागे असतात, तिथे तीही पळवाट उरली नाही.

ही चूक शिकाऊ मुलीच्या हातून सहसा होत नाही, कारण ती प्रत्येक पायरीवर थांबून विचारते. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने रोजच्या जीवनातल्या विसराळूपणाच्या नोंदी लोकांकडून लिहून घेतल्या, तेव्हा अशा चुका नवख्या कामात कमी आणि हातच्या मळाप्रमाणे झालेल्या कामात, ओळखीच्या जागी, जास्त घडताना दिसल्या. मुरलेल्या कामात हात पुढे जात राहतात आणि मन फक्त मोक्याच्या जागी हजेरी लावते. ती एक हजेरी चुकली, की घोटाळा होतो. तेव्हा या प्रकारच्या चुकीवरून तुमचा मेंदू म्हातारा झाला असा निष्कर्ष निघत नाही. उलट ती १६ वर्षांच्या सरावाच्या पोटातून आलेली चूक आहे.

मग प्रश्न असा, की इतके सगळे दिसत असताना तुम्हाला कटिंगची वेळ बदलावी असे का सुचले नाही? यात तुम्हाला दोष देण्याचा हेतू नाही. १९४२ मध्ये अब्राहम लुचिन्स यांनी केलेला एक प्रयोग मी तुमच्यासाठी थोडा सविस्तर सांगते. घरी मुलासोबत करूनही पाहता येईल. तीन भांडी आहेत, त्यांत अनुक्रमे २१, १२७ आणि ३ माप पाणी मावते. नेमके १०० माप पाणी मोजून काढायचे आहे. मोठे भांडे भरायचे, त्यातून एकदा पहिले भांडे आणि दोनदा तिसरे भांडे भरून काढायचे: १२७ वजा २१ वजा ३ वजा ३. लुचिन्स यांनी याच रीतीने सुटणारी उदाहरणे लोकांकडून लागोपाठ सोडवून घेतली आणि मग २३, ४९ आणि ३ अशी भांडी देऊन २० माप मागितले. ज्यांना आधीचा सराव नव्हता, त्यांनी सरळ २३ मधून ३ काढले. सराव झालेल्यांपैकी बहुतेकांनी मात्र ४९ मधून २३ आणि दोनदा ३ काढण्याचा लांबचा रस्ता धरला. उत्तर बरोबरच येत होते, त्यामुळे सोपा रस्ता शोधण्याची गरज त्यांना भासलीच नाही.

तुम्ही दुकान सुरू केले तेव्हा गिऱ्हाईक तुरळक होते, व्हॉट्सॲप नव्हते आणि दुकान उघडे असताना मिळेल त्या फटीत कटिंग करणे हाच शहाणपणा होता. ती रीत तेव्हा बरोबर ठरली, म्हणून ती आजही निमूटपणे चालू आहे. भांडी मात्र बदलली. तुमच्या पत्रात "दुकान उघडे म्हणजे कटिंग चालू" हे गृहीत इतके पक्के बसले आहे, की ते गृहीत आहे हेही कुठे म्हटलेले नाही, आणि म्हणून उपाय शोधताना तुम्ही एकतर स्वतःचा मेंदू बदलायला निघालात, नाहीतर दुकानच बंद करायला निघालात. या दोहोंच्या मध्ये बरीच मोकळी जागा आहे.

सकाळी सासूबाईंचा नाश्ता आणि मुलाचा डबा यांमुळे अकराच्या आधी दुकान गाठता येत नाही, असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून पहाटेच्या कटिंगचा आग्रह मी धरत नाही. पण दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक जवळजवळ नसते, असेही तुम्हीच लिहिता, आणि नेमक्या त्या वेळेत तुम्ही मेन रोडला अस्तर, हूक, लेस आणायला किंवा बँकेत जाता. ती कामे आठवड्यातून एका दिवसावर आणा किंवा मदतनीस मुलीकडे द्या, आणि दुपारचे ते दोन तास शटर अर्धे ओढून फक्त कटिंगसाठी ठेवा. दारावर पाटी लावा: मापे आणि डिलिव्हरी अकरा ते दोन व चार ते आठ. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटेल. पण ज्या बाईला तुमच्याच हातचे फिटिंग हवे आहे, ती चार वाजता येईल. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वेळा आपण सगळेच पाळतो.

मदतनीस मुलीविषयी तुम्ही जे लिहिले आहे, त्यावर थोडे थांबावेसे वाटते. "ती हूक-काज करते, तिला बाकीचे काय कळणार," असे तुमचे शब्द आहेत. जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डंकर यांचा एक प्रयोग १९४५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. लोकांना एक मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेला खोका देऊन मेणबत्ती भिंतीवर उभी लावायला सांगितली होती. खोका रिकामा करून तो भिंतीला टाचायचा आणि त्यावर मेणबत्ती ठेवायची, हे उत्तर टाचण्या खोक्यात असताना फार थोड्यांना सुचले. टाचण्या बाहेर आणि खोका रिकामा ठेवून दिल्यावर ते कितीतरी जास्त लोकांना सुचले. खोका टाचण्या ठेवण्याच्या कामात दिसला, की तो दुसऱ्या कामाचा वाटतच नाही. तुमची मदतनीस रोज हूक लावताना दिसते, म्हणून फोन घेणारी, वहीत नोंद करणारी, "ताई कटिंगला बसल्या आहेत, चारला या" असे सांगणारी म्हणून ती तुम्हाला दिसत नाही. दुपारचे दोन तास तुमचा फोन तिच्याकडे राहू द्या. डिझाइनचा फोटो आला, तर तो कोणाच्या ब्लाउजसाठी, पुढच्या गळ्याचा की मागच्या, एवढे विचारून तिने वहीत लिहून ठेवावे. ती पहिल्या आठवड्यात गोंधळ घालेल. तो गोंधळ वहीतला असेल, कापडावरचा नव्हे.

कापडावर करण्याच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. आखणी आणि कापणी यांची फारकत करा: गर्दीच्या वेळीही खडूने आखून ठेवायला हरकत नाही, कारण खडू पुसता येतो, पण कात्री दुपारच्या निवांत वेळीच उचलायची. आखताना प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूवर "डा", "उ", "पु", "मा" अशी खूण करा आणि पहिला काप देण्याआधी त्या खुणा बोट ठेवून मोठ्याने वाचा. महागड्या पीसच्या वेळी मदतनीस मुलीने वहीतले माप वाचावे आणि तुम्ही टेपवर पाहावे. एकच माणूस वाचतो आणि तपासतो तेव्हा त्याला वहीत जे आहे त्यापेक्षा त्याच्या मनात जे आहे तेच पुन्हा दिसते. हे सगळे बालिश वाटेल. परंतु जी गोष्ट स्मरणात धरून ठेवावी लागते, ती डोळ्यांसमोर उतरवून ठेवणे, हा लक्षावरचा भार हलका करण्याचा माझ्या माहितीतला सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

तरीही मध्येच हाक येईलच. एखाद्या दिवशी सासूबाईंचा फोन तुम्हाला स्वतःच घ्यावा लागेल. त्यासाठी पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातली एक युक्ती उपयोगी पडते. "मी लक्ष देऊन काम करीन" असा निश्चय फारसा टिकत नाही. "अमुक झाले, तर मी तमुक करीन" असा नेमका बेत आधी ठरवून ठेवला, तर तो वेळेवर आठवण्याची शक्यता वाढते. तुमचा बेत असा असू शकतो: कोणी हाक मारली, तर मी आधी कात्री खाली ठेवीन, पुढचा काप जिथे द्यायचा तिथे टाचणी लावीन आणि मगच मान वर करीन. परत आल्यावर टाचणीपासून सुरुवात. यात हाक मारणाऱ्याला चार सेकंद थांबावे लागते, आणि त्यावर आजवर कोणी रागावल्याचे ऐकिवात नाही.

मनातल्या मनात येणाऱ्या हाका मात्र टाचणीने थांबत नाहीत. मुलाचे दहावीचे वर्ष, सासूबाईंच्या तपासण्या, वीज बिल, हे सगळे कटिंगच्या टेबलावर येऊन बसते असे तुम्ही म्हणता. अर्धवट राहिलेली कामे मनात टोचत राहतात हे खरे, पण मासिकाम्पो आणि बॉमाइस्टर यांच्या २०११ च्या अभ्यासात असे दिसले, की ते काम पूर्ण न करताही, ते कधी आणि कसे करणार याचा नेमका बेत आखला तर टोचणी बरीच थांबते. म्हणून दुपारी शटर ओढल्यावर आधी एका कागदावर मनात घोळणारी कामे वेळेसकट लिहा आणि तो कागद गल्ल्यात ठेवा. नुसती यादी पुरत नाही. "सासूबाईंची तपासणी" असे न लिहिता "गुरुवारी सकाळी, रिक्षाने, मोठी नणंद सोबत" असे लिहा.

आता तुम्ही करून पाहिलेल्या उपायांविषयी. टायमर वाईट नाही, पण तो एकट्याने बसून काम करणाऱ्यांसाठी आहे. तुमचा व्यत्यय दोन पायांनी चालत दुकानात येतो आणि त्याला टायमर दिसत नाही. स्मरणशक्तीच्या खेळांनी त्या खेळातले गुण वाढतात. ती वाढ रोजच्या कामात उतरते याचे पुरावे फार तोकडे आहेत, तेव्हा त्यांवर पैसे खर्च करू नका. ध्यानाने मन शांत होत असेल तर ते जरूर चालू ठेवा, परंतु तुम्ही रात्री बाराला झोपता आणि ध्यानासाठी साडेचारला उठता, हे गणित मला मान्य नाही. अपुऱ्या झोपेने लक्ष निसटते, ही या विषयातली सर्वांत पक्की माहिती आहे. एकाग्रतेसाठी झोप तोडणे म्हणजे घरातले धान्य विकून कणगी घेणे. ध्यान दुपारी कटिंगच्या आधी दहा मिनिटे करा आणि पहाटेची झोप परत घ्या.

मास्तर ठेवण्याचा विचार लग्नसराईपुरता योग्य आहे, पण त्याला तुमच्याच उघड्या दुकानात, त्याच टेबलाशी उभे केले तर त्याच्याही हाका तशाच येतील. अस्तराची आणि साध्या ब्लाउजची कटिंग नगावर त्याला द्यावी आणि काठाचे पीस तुम्ही ठेवावेत, असे मला वाटते. शिवणक्लासच्या नोकरीला माझा विरोध नाही. व्यवसायाचा कंटाळा आला असेल, ठरावीक पगाराची गरज असेल किंवा शिकवण्याची ओढ असेल, तर ती अवश्य धरा. मात्र "मला आता जमत नाही" या निकालावर ती धरू नका, कारण तो निकाल अर्ध्या पुराव्यावर लागलेला आहे. निदान एक लग्नसराई नव्या मांडणीत काढा आणि मग ठरवा.

याच्या आधी शरीराकडेही एकदा पाहायला हवे. तुमचे वय ४३ आहे आणि तुम्ही पत्रात कुठेही चष्म्याचा उल्लेख केलेला नाही. चाळिशीनंतर जवळचे पाहण्याची डोळ्यांची क्षमता कमी होत जाते, आणि संध्याकाळी ट्यूबलाइट पाठीमागे असेल तर आपलीच सावली वहीवर पडते. घाईत लिहिलेले ३४ आणि ३६ तेव्हा एकसारखे दिसू शकतात. तिसऱ्या चुकीचा मानसशास्त्राशी काही संबंधच नसण्याची शक्यता मी मोकळी ठेवते. नेत्रतपासणी करून घ्या आणि टेबलावर समोरून येणारा एक दिवा लावा. थकवा सतत राहत असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्यांविषयी आपल्या डॉक्टरांना विचारा. पाळी जाण्याच्या सुमाराच्या वर्षांतही झोप आणि लक्ष यांवर परिणाम होतो, तेही त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. ओळखीच्या रस्त्यावर वाट न आठवणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, जवळच्या माणसांची नावे हरवणे, असे काही होत असेल तर मात्र वेळ न घालवता तज्ज्ञांना दाखवा. तुमच्या पत्रात त्यातले काहीही नाही.

तुमच्यासारखी पत्रे मला अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून येतात, मार्चअखेरीस हिशेब पूर्ण करणाऱ्यांकडून येतात, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांकडूनही येतात. व्यापाऱ्याशी फोनवर भाव ठरवता ठरवता फवारणीच्या टाकीत औषध मोजणारा शेतकरी आणि तुम्ही यांची अडचण एकच आहे, म्हणून त्यांनीही हे उत्तर आपले समजावे: ज्या एका पायरीनंतर मागे फिरता येत नाही, ती पायरी आधी शोधावी आणि फक्त तेवढ्यापुरते फोन, माणसे आणि गप्पा दूर ठेवाव्यात. दिवसभर सावध राहण्याचा प्रयत्न कोणालाच झेपत नाही. द्वारका चौकातून दुचाकी काढताना कानात इअरफोन घालून बोलणाऱ्यांनाही हेच लागू आहे. हात मोकळे राहिले तरी बोलण्यात गुंतलेले लक्ष मोकळे राहत नाही, हे मोटारचालकांवरच्या प्रयोगांत दिसून आलेले आहे.

शेवटची गोष्ट तारखांची, आणि मला शंका आहे की गर्दीचे मूळ तिथेच आहे. "परवा देते" हे शब्द तुमच्या तोंडून फार सहज जातात, असे पत्रावरून वाटते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल असे विचारले होते. त्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. आपण अंदाज बांधतो तो सगळे सुरळीत झाले तर काय होईल याचा, मागच्या वेळी काय झाले होते याचा नव्हे. तुमच्याकडे तर मागच्या वेळचा लेखी पुरावा आहे. गेल्या दोन लग्नसराईंच्या वह्या काढा, कबूल केलेली तारीख आणि ब्लाउज प्रत्यक्ष गेलेली तारीख यांतले अंतर पाहा, आणि दिवसाला किती कटिंग बिनचूक झाल्या ते मोजा. तुळशीच्या लग्नानंतर गर्दी सुरू होण्याआधी तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एखाद्या दिवसाचा आकडा भरला, की पुढच्या गिऱ्हाइकाला पुढचा दिवस द्यायचा, आणि तो सांगण्याचे काम त्या मदतनीस मुलीकडे सोपवायचे. तुमच्याइतकी ती भिडस्त नसावी.